हौसाचा होकार

"धोटा उडाला तो असा उडाला," मी हात गरकन फिरवून दाखवला. "शेडाच्या खिडकीतनं बाहेर, चिंचेवरनं, ओढ्यावरनं, आणि थेट मिरजेच्या स्टेशनात इंजनाला जाऊन धडकला. डायवर खाली उतरून बघतोय तर धोट्यावर आमच्या मालकाचं नाव. त्या दिवशी कोल्हापूरची गाडी का लेट झाली, सरकारला अजून ठावं न्हाई."

व्हरांड्यात सतरंजीवर बसलेल्या बाया पोट धरून हसायला लागल्या. एकजण म्हणाली, "गप बस गं बाई. आज टाका पडायचाय, हसवून उसवशील."

धोटा म्हणजे मागावर सूत घेऊन इकडून तिकडं धावणारं टोकदार लाकूड. तो कधीमधी उडतो हे खरं. मिरजेला पोचत नाही.

सरकारी दवाखान्यात आपरेशनचं शिबिर होतं. पोरंबाळं बंद करायचं आपरेशन. सगळ्या बाया उपाशीपोटी, दोन वेण्या घातलेल्या, अंगात हिरवे झगे. त्यांच्यात माझी धाकटी जाऊ हौसा बसली होती. हौसाला जन्मापासनं ऐकू येत नव्हतं, त्यामुळं बोलणंही नव्हतं. पण माझी धोट्याची गोष्ट तिला सगळ्यांच्या आधी कळली, कारण ती हातांवरनं कळायची होती. तिनं गाल फुगवून बोटानं फट्कन फोडला. आमच्या दोघींत याचा अर्थ, 'थाप.'

मी तिचं पाच महिन्यांचं बाळ मांडीवर घेऊन बसले होते. तिची थोरली लेक घरी शेजारणीजवळ होती.

आमचं सगळं घर यंत्रमागावर. पुरुष माग चालवायचे, आम्ही जावा धोट्यात बसणाऱ्या सुताच्या कांड्या भरायचो. शेडात माग सुरू झाले की कानात बोळे कोंबल्यासारखं होतं, तिथं सगळेच बहिरे. म्हणून तिथली भाषा हातांची. चिमटीत चिमटी पिळली की तार तुटली. अंगठा ओठाला लावला की चहा. मूठ पुढं ढकलली की माग थांबव. नवीन सून आली की ही भाषा यायला तिला वर्ष लागायचं. हौसाला यायला आठवडासुद्धा लागला नाही, आणि मग तीच आम्हाला शिकवायला लागली. नुसता तळवा टेकवून ती सांगायची कुठला माग आजारी आहे. दत्तू, म्हणजे तिचा नवरा आणि माझा दीर, चहाला गेला की त्याचा माग तीच बघायची.

तर हौसानं त्या दिवशी व्हरांड्यात माझा गुडघा हलवला. स्वतःच्या पोटाला हात लावला, मूठ पुढं ढकलली. माग थांबवायचा. मी मान हलवली. मग तिनं बाळाकडं बोट केलं, हात जमिनीपासनं वर नेत नेत कमरेएवढा केला. हा एवढा झाला की. आणि मूठ परत आपल्याकडं ओढली, हसत हसत.

माग सुरू.

माझ्या मांडीवरचं बाळ रडायला लागलं तेव्हा मला कळलं की मी त्याला फार घट्ट धरलंय.

मी उठून सासूबाईंजवळ गेले. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्या खांबाला टेकून तंबाखू मळत होत्या.

"आत्याबाई, हौसाला काय सांगितलंय तुम्ही?"

"काय म्हंजे? माग बंद करायचा म्हनून सांगितलं. हातानं दावलं. तिनं मान हलीवली."

"तिला वाटतंय फिरून चालू हुतोय."

"वाटू दे की."

"आवं पण—"

"गौरे," आत्याबाई हळूच म्हणाल्या, "एक पोरगी झाली, पोरगा झाला. दोघांच्याबी कानाला कायबी न्हाई, देवाची किरपा. तिसरं हिच्यासारखं निपजलं तर तू सांभाळनार हायस? दत्तूनं सही केलीया. तू धोटं उडीव, जा."

आतनं एक बाई स्ट्रेचरवर बाहेर आली. तोंड उघडं, हात खाली लोंबणारा. तिला ओळीनं टाकलेल्या गाद्यांवर ठेवली आणि आयानं पुढचं नाव पुकारलं. ओळ पुढं सरकली. हौसाही बसल्याबसल्या सरकली, आणि मला अंगठा ओठाला लावून विचारलं, झाल्यावर चहा मिळंल ना?

ते भुलीचं औषध, तो वास, ती उघडी तोंडं. मला तिथनं पळून जावंसं वाटत होतं. मला दुसरं काय येतंय? थापा मारायला येतात. मी बाळाला खांद्यावर टाकलं आणि टेबलापाशी बसलेल्या सिस्टरकडं गेले. हेर्लेकर सिस्टर, जाड भिंगाचा चष्मा, आवाज खरखरीत.

"बाई, आमच्या हौसानं सकाळी भाकरी खाल्लीया."

सिस्टरनं मान वर केली. "काय? उपाशीपोटी आणा म्हणून सांगितलं होतं ना?"

"मी बी तेच म्हनत हुते. दोन भाकऱ्या, वर वाटीभर झुणका. ताक बी प्याली. ताकात मीठ कमी हाय म्हनून रुसली हुती."

थापेला बारीकसारीक फांद्या फुटल्या की ती झाडासारखी उभी राहते.

आत्याबाई तंबाखू तशीच मुठीत धरून आल्या. "खोटं बोलतीया ही. हिच्या तोंडातनं खरं निघत न्हाई, समद्या गल्लीला ठावं हाय. थेंबभर पानी न्हाई तिच्या पोटात."

सिस्टर उठली, हौसासमोर उकिडवी बसली, हाताचा घास करून तोंडाकडं नेला. "जेवलीस?"

हौसानं त्या हाताकडं बघितलं. तिचं तोंड उजळलं. तिनं जोरात मान हलवली.

"बघा," मी म्हटलं.

"आगं, तिला वाटलं बाई जेवाय देत्यात," आत्याबाई म्हणाल्या. ते खरंच होतं.

सिस्टरनं आमच्या दोघींकडं आळीपाळीनं बघितलं. मग पोटावरनं हात फिरवून हौसाला विचारलं, "उपाशी आहेस?"

हौसानं मान हलवली.

"लग्न झालंय?" मंगळसूत्राला हात लावून. मान हलली.

"लग्न नाही झालं?" मान हलली.

"तू इथली डॉक्टर आहेस?"

हौसानं मान हलवली आणि वर गोड हसली.

बाया खिदळल्या. सिस्टर हसली नाही. "सकाळी मी हिला विचारलं होतं, ऑपरेशन करायचंय ना म्हणून," ती म्हणाली. "तेव्हाही हिनं अशीच मान हलवली होती."

"ती समद्यालाच अशी हलीवती," मी म्हटलं. "मान हलीवली की मानसं वरडायची थांबत्यात."

"तुम्हाला तिच्याशी बोलता येतं?"

"हातानं येतंय."

"मग नीट सांगा तिला. तिला मी शेवटाला ठेवते. पण तिच्या डोळ्यांत मला दिसलं पाहिजे की तिला कळलंय."

"तिच्या नवऱ्याची सही हाय," आत्याबाई म्हणाल्या.

"टाके नवऱ्याला पडणार नाहीत, आजी," सिस्टर म्हणाली आणि टेबलाकडं गेली.

आता जिभेनं जे सांगायला एक शब्द लागतो, 'कायमचं', ते हातानं कसं सांगायचं ते सांगा मला. मी हौसाला व्हरांड्याच्या टोकाला पाण्याच्या टाकीपाशी नेलं. तिच्या पोटाला हात लावला, दोन बोटांची कात्री केली. कापणार.

हौसानं खांदे उडवले. चिमटीत चिमटी पिळली आणि गाठ मारून दाखवली. तार तुटली तर गाठ मारायची, त्यात काय. दिवसातनं शंभरदा मारतोय.

मी मान आडवी हलवली, नाही. गाठ नाही. दोन्ही हात लांब केले, टोकं सापडत नाहीत.

तिनं दाखवलं, मला सापडतात. आणि ते खरं होतं. शेडात तिच्याइतकी बारीक गाठ कुणाची नव्हती.

मी पाळणा हलवला, पाळणा उचलला, लांब फेकला. तिनं घाबरून माझ्याकडनं बाळ ओढून घेतलं. तिला वाटलं बाळ कुणीतरी नेणार. मी नाही नाही करून हात जोडले. मागं आयानं अजून एक नाव पुकारलं. सतरंजीवर आता थोड्याच बाया उरल्या होत्या. माझी बोटं एकमेकांत अडकत होती. मी पोटावर कुलूप लावलं. तिनं किल्लीनं उघडलं. मी किल्ली विहिरीत टाकली. तिनं गाल फुगवला आणि फट्कन फोडला.

थाप.

नाही गं, मी गळ्याची कातडी चिमटीत धरली. आईच्यान. तिनं पुन्हा गाल फोडला. ती सून होऊन आल्यापासनं मी तिला मिरजेला जाणारे धोटे दाखवले, तिनं विश्वास का म्हणून ठेवावा?

आयानं शेवटच्या दोघींना उठवलं. हौसाही बघून उठायला लागली.

तेव्हा मला तो कोपऱ्यातला माग आठवला.

दत्तूचा जुना माग होता तो, बिडाचा. मालकानं मोडीत काढला. घण घेऊन दोन गडी आले आणि शेडातच त्याचे तुकडे केले, किलोवर विकायला. हौसाला तेव्हा दिवस गेले होते. ती जवळ जाऊन उभी राहिली होती आणि प्रत्येक घावाला तिचं अंग हलत होतं, कारण जमीन हलत होती. सगळे तुकडे हातगाडीत गेल्यावर तिनं रिकाम्या जमिनीवर तळवा टेकवला. बराच वेळ टेकवून ठेवला. मग उठली आणि दोन दिवस तिनं कुणाकडं बघितलं नाही.

मी तिचा दंड धरून तिला खाली बसवलं. तिचा तळवा उचलून तिच्याच पोटावर ठेवला. दोन्ही मुठी एकत्र करून डोक्यावर नेल्या आणि घण खाली आणला. परत नेला, परत आणला. मग तुकडे उचलले, हातगाडीत टाकले. हातगाडी ढकलली. आणि तिचा तळवा फरशीवर टेकवला.

गार फरशी. काही हलत नाही.

हौसानं फरशीकडं बघितलं. मग माझ्याकडं. मी गळ्याची कातडी ओढून धरली होती, इतकी की दुखत होतं.

तिच्या तोंडातनं आवाज आला. माझ्या सबंध आयुष्यात मी तसा आवाज ऐकला नाही. गाय हंबरते तसाही नाही आणि माणसासारखाही नाही. बाळाला छातीशी दाबून ती टाकीच्या मागं सरकत गेली, भिंतीला पाठ लागेपर्यंत, आणि एक पाय पुढं धरून राहिली, कुणी आलं तर लाथ मारायला. गोष्टीतली भुतं मी ढीगभर दाखवली होती तिला, पण ती घाबरलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली.

सिस्टर धावत आली. लांबनंच थांबली. म्हणाली, "हं. आता कळलंय."

आत्याबाईही आल्या. हौसानं त्यांना बघितलं, आणि एका हातानं विचारलं, का?

मला सांगायचं नव्हतं. पण ती माझ्याकडं वळली, का? मी बाळाकडं बोट केलं, अजून एक दाखवलं, आणि कानावर हात ठेवला. पुढचं बहिरं झालं तर.

हौसानं आत्याबाईंकडं बघत आपल्या छातीवर बोट ठेवलं, मूठ वर नेली, घण खाली आणला, आणि भुवया उंचावल्या.

मी मोडीतली आहे का?

आत्याबाईंनी जन्म मागांत काढला होता. शेडाची भाषा त्यांना माझ्यापेक्षा जुनी येत होती. त्यांनी मुठीतली तंबाखू खाली टाकली आणि खांबाकडं परत गेल्या.

सिस्टरनं मग सतरंजीवर बसकण मारली आणि पिशवी उघडली. पहिल्यांदा गोळ्यांचं पाकीट. रोज एक. मी हातानं सांगितलं, सूर्य उगवला की एक. हौसा टाकीमागनं बघत होती. मग सिस्टरनं पुरुषांचा फुगा काढला. तो काय, कसा, हे मी हातानं सांगायला लागले तशा झोपलेल्या बायांबरोबर आलेल्या सगळ्या जणींनी पदर तोंडात घातले. हौसानं रडक्या तोंडानं दाखवलं, दत्तू रोज दुसऱ्याच्या चपला घालून घरी येतो, हे काय लक्षात ठेवणार.

"मग तांबी आहे," सिस्टर म्हणाली.

खांबाकडनं आत्याबाईंचा आवाज आला, "पान्याची? पोटात?"

"त्या तांबीएवढी नाही हो, आजी."

तिनं हौसाच्या तळव्यावर एक पांढरी काडी ठेवली, इवलीशी, वर आडवा दांडा असलेली, आणि तिला गुंडाळलेली तांब्याची तार. हौसानं तारेवरनं नख फिरवलं, जसं सुतावरनं फिरवायची. शेपटाला दोन दोरे होते. ते तिनं बघितले आणि सिस्टरकडं बघितलं. सिस्टरनं मूठ पोकळ केली, तांबी आत सरकवली, दोरे बाहेर ठेवले. "हे आत बसतं. मूल राहत नाही. कंबर दुखेल थोडी, पहिले एकदोन महिने पाळीत अंगावरनं जास्त जाईल. आणि पाहिजे तेव्हा इथं यायचं, मी काढणार." दोरे धरून ओढले. तांबी बाहेर आली.

मी सांगायच्या आधीच हौसानं तिच्या हातातनं ती घेतली. आपली मूठ पोकळ केली, आत घातली, ओढून काढली. परत घातली, परत काढली. मग मूठ पुढं ढकलली, माग थांबला. मूठ ओढली, माग सुरू. आणि सिस्टरकडं बघितलं.

सिस्टरला शेडाची भाषा येत नव्हती, पण तिनंही मूठ पुढं ढकलली आणि ओढली.

"विचारा तिला, बसवायची का? आज नको असेल तर पुढच्या आठवड्यात या. नकोच असेल तर नको."

मी विचारलं. हौसानं मान हलवली नाही. ती विचार करत होती. सिस्टर थांबली. आयानं दोनदा हाक मारली तरी थांबली. शेवटी हौसानं अंगठा ओठाला लावला.

"आधी चहा म्हनती," मी म्हटलं.

मी पिशवीतली भाकरी काढली, आयाकडनं चहा मागितला. हौसा भिंतीला टेकून सगळी भाकरी सावकाश खाऊन उठली, बाळ आत्याबाईंच्या मांडीवर नेऊन ठेवलं, त्यांच्याकडं न बघता, आणि सिस्टरच्या पुढं चालत आत गेली. मी तिच्या उशाला उभी होते. सिस्टर काय करणार ते आधी मी हातानं सांगायची, मग सिस्टर करायची. एकदा हौसाचं तोंड वाकडं झालं, तेव्हा सिस्टरचे हात थांबले. हौसानं मूठ ओढली. चालू दे.

परत येताना आम्ही रिक्षा केली. आत्याबाई मध्ये, आम्ही दोघी दोन बाजूला, बाळ हौसाच्या मांडीवर झोपलेलं.

मग हौसा पुढं वाकली आणि आत्याबाईंच्या नाकासमोरनं हात काढून मला विचारायला लागली. तुझी एकच पोरगी. तुझा माग का बंद?

हे तिनं आधीही विचारलं होतं. तेव्हा मी सांगितलं होतं की एका गोसाव्यानं मला नारळ दिला, म्हणाला तुझी एकच पोर दहांना भारी, पुढं नको. तेव्हा तिनं गाल फोडला होता. आता ती गाल फोडायला तयार नव्हती. नुसती बघत होती.

मी हात वर केला तो गोसाव्यासाठीच. पण मूठ वळली आणि घण खाली आला.

हौसानं विचारलं, तुला विचारलं होतं?

मी डोळे मिटून मान कलती केली. भुलीत होते. दुसऱ्या खेपेला पोट फाडावं लागलं. मुलगा होता, गेलेला. त्याच वेळी तेही उरकलं. मला कुणी सांगितलं नाही. मी दोन वर्षं सोमवार धरले, अनवाणी महादेवाला गेले, दिवस राहावेत म्हणून. नारळाची पिशवी आत्याबाईंच्या हातात असायची. शेवटी त्याच दवाखान्यातल्या आयानं मला ओळखलं आणि म्हणाली, आगं बाई, तुझं तर कवाच केलंय की.

सगळं हातानं सांगितलं. रिक्षा खड्ड्यातनं जात होती, हात आत्याबाईंच्या तोंडापुढनं हलत होते. मला कान होते, जीभ होती, आणि गल्लीत माझ्यासारखं बोलणारी दुसरी नव्हती.

हौसानं बोट आत्याबाईंकडं केलं. हिला ठाऊक होतं?

मी बाहेर बघायला लागले. बोट तसंच राहिलं. आत्याबाईंनी ते बघितलं, माझ्याकडं बघितलं, पदरानं तोंड पुसलं. मग पुढं वाकून त्यांनी रिक्षावाल्याच्या खांद्यावर थाप मारली.

"जरा हळू घे, बाबा. खड्डं चुकीव. पोरी दवाखान्यातनं आल्यात."

"कुनाला काय झालंय, आजी?" त्यानं मागं न बघता विचारलं.

"दोघींनाबी," आत्याबाई म्हणाल्या.